मांगा वाचणाऱ्या नातीला अमेरिकन कॉमिक्स का रुचत नाहीत?

प्रश्न : माझी नात नववीत आहे. गेली दोन वर्षं ती जपानी मांगा झपाटल्यासारखी वाचते आहे. मी स्वतः शाळेत असताना इंद्रजाल कॉमिक्सचा भक्त होतो. वेताळ, मँड्रेक, बहादूर यांचे अंक आम्ही भाऊ हिसकाहिसकी करून वाचायचो. म्हणून तिच्या वाढदिवसाला मी हौसेने अमेरिकन सुपरहिरोंची दोन जाड पुस्तकं आणली. दहा-बारा पानं वाचून तिने ती बाजूला ठेवली. म्हणाली, “आजोबा, ह्यात सुरुवात कुठाय तेच कळत नाही.” दोन्हीकडे चित्रांचीच गोष्ट, मग एक तोंडातून सुटत नाही आणि दुसरी घशाखाली उतरत नाही, असं का? मांगा वाचणाऱ्या मुलांना आवडतील अशी अमेरिकन कॉमिक्स असतात तरी का? 
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : असतात, आणि चांगली भरपूर असतात. तुम्ही उचललेली पुस्तकं त्यातली नव्हती, एवढंच. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तर नातीनेच देऊन टाकलं आहे. चित्रं आवडली नाहीत, रंग भडक वाटले किंवा गोष्ट परदेशी वाटली, असलं काहीही ती म्हणाली नाही. सुरुवात सापडत नाही, एवढीच तिची तक्रार आहे. तिचा अर्थ लावू या. पण त्याआधी दोन-तीन समज वाटेतून बाजूला करायला हवेत.

पहिला समज असा, की मांगा म्हणजे मोठाल्या डोळ्यांची चित्रं आणि त्या डोळ्यांची सवय झालेल्या मुलांना दुसरं काही बघवत नाही. हे मोठे डोळे मुळात बऱ्याच अंशी अमेरिकेतूनच जपानला गेले. आधुनिक मांगाचा पाया घालणारे ओसामू तेझुका (1928–1989) हे डिस्नेच्या चित्रपटांचे निस्सीम चाहते होते. ‘बॅम्बी’ त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला होता. 1952 साली त्यांनी सुरू केलेल्या ‘ॲस्ट्रो बॉय’चा चेहरा पाहिला, तर मिकी माऊसशी असलेलं नातं लपत नाही. शिवाय सगळ्या मांगात डोळे मोठे नसतातच. गोसेकी कोजिमांनी रेखाटलेल्या ‘लोन वुल्फ अँड कब’मधली माणसं कुंचल्याच्या खरबरीत फटकाऱ्यांतून उभी राहतात आणि त्यांचे डोळे चारचौघांसारखेच आहेत. तेव्हा अडचण डोळ्यांची नाही.

दुसरा समज उजवीकडून डावीकडे वाचण्याचा. अमेरिकन प्रकाशकही पूर्वी याला घाबरायचे. पानं आरशातल्यासारखी उलटी करून छापायचे आणि मग सगळे सामुराई डावखुरे व्हायचे. 2002च्या सुमारास टोकियोपॉप या प्रकाशनाने पानं जपानी क्रमानेच छापायला सुरुवात केली. मुलांनी तो क्रम लगेच आत्मसात केला आणि हीच रीत रूढ झाली. जी मुलगी शेवटच्या पानाकडून सुरुवात करून हसतखेळत वाचते, ती तुमचं डावीकडून उजवीकडे जाणारं पुस्तक दिशेमुळे सोडणार नाही. आणि मांगा म्हणजे पोरखेळ, हा तिसरा समज असेल तर तेझुकांचाच ‘बुद्ध’ पाहावा. 1972 ते 1983 अशी अकरा वर्षं त्यांनी ही गौतम बुद्धांची कथा रेखाटली. भारतात हार्परकॉलिन्सने ती इंग्रजीत आठ खंडांत काढली आहे. ही सूचना नातीपेक्षा तुमच्यासाठी अधिक आहे.

आता मूळ मुद्दा. अमेरिकन सुपरहिरोची मालकी कंपनीकडे असते आणि लेखक-चित्रकार कामावर येतात-जातात. ही रीत फार जुनी. 1938 साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क प्रकाशकाला 130 डॉलरला देऊन टाकले. तिथून पुढे सुपरमॅनच्या गोष्टी शेकडो हातांनी लिहिल्या. स्पायडरमॅन 1962 पासून चालू आहे, म्हणजे साठ वर्षं उलटून गेली. त्याची गोष्ट संपवणं कंपनीला परवडणारं नाही, म्हणून ती संपत नाही. पात्रं मरतात आणि परत येतात. एका मासिकात सुरू झालेली लढाई दुसऱ्या मासिकात शिरते आणि तिसऱ्यात निकाली निघते. तुम्ही आणलेलं जाड पुस्तक म्हणजे अशा वाहत्या कथेचा मधलाच एक तुकडा असणार. आपल्या पुराणांचंही असंच आहे. एकच कथा अनेकांनी सांगितलेली, फाटे फुटलेली, एका पुराणातला शाप दुसऱ्यात फळणारा. आपण घरात ऐकत वाढलो म्हणून आपल्याला वाट सापडते. बाहेरच्या माणसाच्या हातात एकदम मधलाच अध्याय दिला तर तोही विचारेल, सुरुवात कुठाय?

मांगात याच्या उलट घडतं. तिथे बहुधा एकच माणूस गोष्ट रचतो आणि चित्रंही काढतो. हाताखाली मदतनीस असतात, डोक्यावर संपादक असतो, पण गोष्ट त्याची किंवा तिची असते. हिरोमू अराकावा या लेखिकेने ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ 2001 साली सुरू केलं आणि 2010 साली संपवलं, एकूण खंड 27. ‘डीमन स्लेअर’ 2016 ते 2020, खंड 23. ‘नारुतो’ 1999 ते 2014, खंड 72. बहात्तर हा आकडा ऐकून आपण दचकतो, मुलं दचकत नाहीत. कारण पुस्तकाच्या पाठीवर ठसठशीत 1 छापलेला असतो आणि त्यानंतर 2 येतो. वाट लांब असेल, पण चुकत नाही. आणि शेवटी मुक्काम आहे याची खात्री असते.

आता तुमच्या वेताळाकडे या. ली फाल्क यांनी फँटम, म्हणजेच हा वेताळ, 1936 साली निर्माण केला आणि 1999 साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या वृत्तपत्रातल्या कथा तेच लिहीत राहिले. चित्रकार बदलले. रे मूर गेले, विल्सन मॅकॉय आले आणि 1961 पासून तीसहून अधिक वर्षं साय बॅरींनी तो रेखाटला. पण सांगणारा आवाज त्रेसष्ट वर्षं एकच होता. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, तेव्हा वृत्तपत्रात रोज तुकड्या-तुकड्याने येणाऱ्या त्या पट्ट्या कापून, जुळवून त्यांची पानं केली आणि साधारणपणे एका अंकात एक गोष्ट पुरी केली. तुम्ही कुठलाही अंक उचलला तरी कवटीची गुहा, चारशे वर्षांपूर्वीची शपथ, बापामागून मुलगा वेताळ होण्याची परंपरा हे सगळं दोन-चार चौकटींत सांगितलेलं असायचं. मागचे दहा अंक वाचलेच पाहिजेत अशी सक्ती नसायची. म्हणजे तुम्ही अमेरिकन कॉमिक्स वाचत होता हे खरं, पण त्यातला एका लेखकाचा, सुरुवात-शेवट असलेला प्रकार वाचत होता. आवडीच्या बाबतीत नात तुमच्यावरच गेली आहे.

दुसरं कारण वेगाचं आहे, आणि ते पानांच्या हिशेबातून येतं. 1968 साली सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’सारख्या जपानी साप्ताहिकात एका कथेला दर आठवड्याला एकोणीस-वीस पानं मिळतात. कागद साधा, छपाई एका रंगाची, अंक वाचून लोक टाकून देतात; जी कथा चालते तिचे पुढे खंड निघतात. अमेरिकन कॉमिक महिन्याला एक, पानं वीस-बावीस, सगळी रंगीत. वर्षाचा हिशेब केला तर जपानी लेखकाच्या हाती नऊशेच्या घरात पानं येतात, अमेरिकन लेखकाच्या हाती अडीचशे. ज्याच्याकडे अडीचशेच पानं आहेत तो ती दाबून भरतो. एका पानावर सहा-सात चौकटी, प्रत्येक चौकटीत दोन-तीन फुगे, वर पुन्हा चौकोनात निवेदन. ज्याच्याकडे नऊशे आहेत तो तलवार म्यानातून बाहेर यायला तीन पानं देऊ शकतो.

नात मांगा वाचताना तिच्याकडे जरा लक्ष देऊन पाहा. काही पानं ती दोन-दोन सेकंदांत उलटते आणि मग एका पानावर थबकते. त्या पानावर बहुधा एक अक्षरही नसतं. पावसाचे थेंब, रिकामा बाक, कुणाची तरी मिटलेली मूठ, एवढंच असतं. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने 1993 साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे पुस्तक चित्रांच्याच रूपात लिहिलं. त्याने दोन्हीकडची पानं घेऊन चौकटीचौकटींमधले सांधे चक्क मोजले. अमेरिकन कॉमिक्समध्ये एका चौकटीतून दुसरीत जाताना बहुतेक वेळा काहीतरी कृती पुढे सरकते. जपानी पानांवर त्याला एक वेगळा सांधाही वारंवार दिसला, ज्यात वेळ पुढे जातच नाही. एकाच क्षणाभोवती नजर फिरत राहते. ज्या वाचकाला असं रेंगाळण्याची सवय लागली आहे, त्याला शब्दांनी गच्च भरलेलं पान दमवतं. आणि ज्याला गच्च पानाची सवय आहे, त्याला मांगा अर्ध्या तासात संपणारं, पैसे वसूल न होणारं पुस्तक वाटतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

तुम्ही विचाराल, अमेरिकेत सगळीकडे सुपरहिरोच का? ते पहिल्यापासून तसं नव्हतं. 1940च्या दशकात तिथे प्रेमकथा, गुन्हेकथा, भयकथा, विनोद, सगळ्याच प्रकारची कॉमिक्स निघत. 1954 साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा आरोप करणारं पुस्तक लिहिलं, सिनेटपुढे सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कडक आचारसंहिता घालून घेतली. भयकथा आणि गुन्हेकथा जवळजवळ बंद पडल्या, प्रेमकथा बेचव झाल्या. निरुपद्रवी म्हणून जे उरलं, त्यात चड्डी बाहेरून घालणारे नायक पुढे आले. नंतर विक्रीही खास कॉमिक्सच्या दुकानांपुरती आटत गेली आणि त्या दुकानांत प्रामुख्याने मुलगे आणि पुरुष जात. जपानमध्ये त्याच काळात मुलींसाठी वेगळी मासिकं फोफावली आणि 1970 नंतर त्यांत लिहिणाऱ्या-रेखाटणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात काय चालतं, याची जपानी पुस्तकं तुमच्या नातीला कपाट भरून सापडतात. तुम्ही आणलेल्या दोन पुस्तकांत त्यातलं किती असेल?

ही कोंडी अमेरिकेत ज्यांनी फोडली, ते बहुतेक सगळे कंपन्यांबाहेरचे लोक. त्यांनी पात्रं स्वतःकडे ठेवली आणि गोष्ट स्वतःच संपवली. मांगा वाचणाऱ्याला हीच पुस्तकं जवळची वाटतात. 

पहिलं नाव मी घेईन जेफ स्मिथ यांच्या ‘बोन’चं. 1991 ते 2004 या काळात 55 अंकांत त्यांनी ही एकच कथा लिहिली, रेखाटली आणि बराच काळ स्वतःच छापली. गावातून हाकलून दिलेले तीन चुलतभाऊ एका अनोळखी खोऱ्यात येऊन पडतात. आरंभी निव्वळ धमाल असते, पुढे ड्रॅगन, हरवलेली राजकन्या, युद्ध असं सगळं गंभीर होत जातं. त्यातला एक प्रसंग सांगतो. त्या भावांपैकी एकाच्या, फोन बोनच्या, मागे दोन केसाळ, आडदांड प्राणी लागले आहेत. हा शिजवून रश्श्यात घालावा की किशमध्ये, म्हणजे त्या फ्रेंच पद्धतीच्या अंड्याच्या पदार्थात, यावर त्यांचं भांडण चालू आहे. बोन कड्यावरून उडी मारून एका काडीएवढ्या फांदीला लटकतो आणि मनाशी म्हणतो, इथे माझ्यामागे उडी मारायला कुणी फारच मूर्ख असावा लागेल. पुढच्या चौकटीत तिघं त्याच फांदीवर! उडी काढलेलीच नाही, ती दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत होऊन गेली. हसू येतं ते त्या पट्टीमुळे. असा नेमका वेळ साधणं मांगा वाचणाऱ्याच्या परिचयाचं असतं. त्यात नवल नाही. स्मिथ आधी ॲनिमेशन करायचे आणि डिस्नेच्या बदकांच्या कथा करणारे कार्ल बार्क्स त्यांचे आवडते. तिकडे तेझुकाही डिस्नेच्याच पडद्यासमोर बसून शिकले. मूळ घराणं एकच निघालं.

‘बोन’ दोन रूपांत मिळतं. एक तेराशेहून अधिक पानांचा कृष्णधवल ठोकळा आणि दुसरे 2005 पासून स्कॉलॅस्टिकने काढलेले नऊ रंगीत खंड. मला स्वतःला कृष्णधवल जास्त आवडतं, कारण स्मिथ यांचा काळ्या शाईवरचा हात त्यात उघडा दिसतो. पण ठोकळा पलंगावर पडून वाचता येत नाही. रंगीत पहिला खंड आणा. तो आवडला तर पुढचे ती स्वतःच मागेल.

दुसरं ‘उसागी योजिम्बो’. स्टॅन साकाई यांचा जन्म क्योटोचा, वाढले हवाईत, काम अमेरिकेत. 1984 पासून ते सतराव्या शतकातल्या जपानमधल्या एका भटक्या सामुराईच्या कथा करत आहेत. तो सामुराई म्हणजे एक ससा. प्रसिद्ध तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशी याच्यावरून त्याचं नाव मियामोतो उसागी. गोष्ट, चित्रं, फुग्यांतली अक्षरं, सगळं साकाई स्वतः करतात. जपानी विषय आणि अमेरिकन मांडणी, त्यामुळे नातीला विषय ओळखीचा आणि तुम्हाला वाचण्याची दिशा. लढाया आहेत, पण रक्ताचे पाट नाहीत. कुणी मेलं की त्याच्या तोंडातून फुग्यात एक छोटी कवटी बाहेर येते, बस. मला त्यातल्या कारागिरांच्या कथा विशेष आवडतात. एक कथा पतंगाची आहे. बांबू तासण्यापासून कागद चिकटवून रंगवण्यापर्यंत अवाढव्य पतंग कसा बनतो हे आधी कारागिराच्या नजरेने येतं, मग तीच जत्रा एका जुगाऱ्याच्या नजरेने आणि शेवटी उसागीच्या. हातमाग आणि चादरींच्या गावात वाढलेल्या माणसाला ही कथा लागू पडेल, असं मला वाटतं. बऱ्याचशा कथा सुट्या आहेत, त्यामुळे दोघांनी मिळून वाचायला हे सगळ्यांत सोयीचं.

बाकीची नावं भरभर सांगतो. काझू किबुइशी यांचं ‘ॲम्युलेट’ 2008 ते 2024 या काळात नऊ खंडांत पूर्ण झालं आहे. सुरुवातीलाच वडिलांचा अपघाती मृत्यू आहे, एवढं लक्षात ठेवा. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका नातीने टीव्हीवर पाहिली असेल, तर जीन लुएन यांग यांनी लिहिलेले तिच्या पुढच्या कथेचे खंड तिला लगेच लागतील. चित्रं गुरिहिरू या नावाने काम करणाऱ्या दोन जपानी चित्रकर्तींची आहेत. घरगुती, शाळकरी विषय हवा असेल तर रेना टेल्गेमायर यांचं ‘स्माइल’. सहावीत पडून पुढचे दात गमावलेल्या मुलीची ही लेखिकेची स्वतःचीच हकीकत. 

आणि तुम्हाला सुपरहिरोच द्यायचा असेल, तर यांग आणि गुरिहिरू यांचंच ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ द्या. 1946 सालच्या एका रेडिओ मालिकेवर ते बेतलेलं आहे. नव्या वस्तीत राहायला आलेलं चिनी कुटुंब, त्यांच्या मागे लागलेले वंशद्वेषी लोक आणि स्वतःच परका असल्याचं कोडं सोडवणारा सुपरमॅन. एकाच पुस्तकात सुरुवात, मध्य, शेवट. आधीचं काहीही वाचलेलं लागत नाही. उलट दिशेने यायचं असेल तर कोहेइ होरिकोशी यांचं ‘माय हीरो अकॅडेमिया’ आहे. अमेरिकन सुपरहिरोंवर जीव असलेल्या जपानी लेखकाचा हा मांगा 2014 ते 2024 असा दहा वर्षं चालला. तिने तो बहुधा वाचलेलाच असेल. त्यातला कोण आवडतो हे तिला विचारा; तुम्ही आणलेल्या त्या दोन जाड पुस्तकांकडे ती त्या वाटेने परत येण्याची शक्यता आहे, म्हणून ती कुणाला देऊन टाकू नका.

खरेदी करताना एवढंच पाहा : पाठीवर खंड 1 आहे का, लेखक-चित्रकाराचं नाव सगळ्या खंडांवर तेच आहे का आणि मालिका पूर्ण झाली आहे का. पुस्तकं नवी पेठेत मिळाली नाहीत तर मागवून घेता येतात, किंवा जुळे सोलापुरातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी पुण्याला असतंच, त्यांना हुतात्मा एक्स्प्रेसने येताना आणायला सांगा. हिराचंद नेमचंद वाचनालयातही मागणी नोंदवून पाहावी.

शेवटी दोन पुस्तकांबद्दल सावध करतो, कारण ‘मांगा आवडतो तर हे वाच’ म्हणून ती हमखास सुचवली जातात. रॉबर्ट कर्कमन यांचं ‘इन्व्हिन्सिबल’ (2003–2018, 144 अंक) हे एका लेखकाने सुरू करून संपवलेलं, बांधीव सुपरहिरो कथानक आहे, पण त्यातला हिंसाचार भयंकर आहे. मुखपृष्ठावरच्या हसऱ्या, रंगीत मुलावरून त्याची कल्पना येत नाही. ब्रायन ली ओ’मॅली या कॅनेडियन चित्रकाराचं ‘स्कॉट पिलग्रिम’ (2004–2010) तर आकारानेही मांगासारखंच आहे. सहा छोटे कृष्णधवल खंड, व्हिडिओ गेमसारख्या मारामाऱ्या, टोरांटोमधला तरुणांचा बँड. फार मजेदार आहे, पण त्यातली बहुतेक प्रेमप्रकरणं विशी ओलांडलेल्यांची आहेत. पहिलं आधी तुम्ही चाळा आणि मग ठरवा. दुसरं ती अकरावी-बारावीत गेली की द्या.